ब्रेकबाईंचा पाय

ब्रेकबाईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं फारसं कोणी उरलं नव्हतं, आणि त्याचं त्यांना काडीचंही दुःख नव्हतं. नाव काय, कोणीही ठेवतं. हे टोपणनाव मात्र त्यांनी स्वतःच्या उजव्या पायाने कमावलं होतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की शिकवणाऱ्याने तो दाबायचा, एवढंच काम. पण ते वेळेवर झालं नाही तर कोणाचं काय होईल ते सांगायला नको. ब्रेकबाईंचा पाय कधी चुकला नाही. निम्मं गाव त्यांच्या शेजारी बसून गाडी शिकलं होतं. शिकणाऱ्याला धोका दिसायच्या आधीच गाडी थांबलेली असायची, आणि मग बाजूच्या सीटवरून अगदी थंड आवाजात प्रश्न यायचा, "आरसा कशासाठी लावलाय? केस विंचरायला?"

तर अशा पायाच्या मालकिणीला झटका आला. मेंदूत बारीकशी गुठळी, डॉक्टरांच्या भाषेत सौम्य. डॉक्टरांना सौम्य म्हणायला काय जातं! तोंड लगेच सुधारलं. "ते बिघडलंच कधी होतं?" असं त्यांची बहीण म्हणाली, आणि मग आत जाऊन रडली. हातही सुधारला. पाय मात्र अडून बसला. चालायचा, जिना चढायचा, दुकानापर्यंत जाऊन यायचा, पण सांगितलेलं ऐकायला वेळ लावायचा. 'दाब' म्हटलं की आधी विचार करायचा आणि मग दाबायचा. पुस्तकाचं पान उलटायला एवढा उशीर चालतो. ब्रेकला चालत नाही.

स्कूलचा मालक त्यांचाच जुना विद्यार्थी. माणूस भला, पण धंदा म्हणजे धंदा. त्याने बाईंना सरावाच्या मैदानावर बोलावलं. तिथे शिकाऊ लोकांसाठी एक पांढरी रेषा मारलेली होती, रेषेवर प्लास्टिकचा नारिंगी खांब आणि बाजूला खराखुरा लुकलुकणारा सिग्नल. मालक स्वतः स्टिअरिंगवर बसला, बाई बाजूला. लाल दिव्याकडे गाडी जायला लागली, रेषेआधी बाईंनी ती थांबवायची. बाईंनी पायाला सांगितलं. पायाने ऐकून घेतलं. तोवर रेषा गेली, खांब आडवा झाला आणि मालकाने स्वतःचा ब्रेक हळूच दाबून, दाबलाच नाही असा चेहरा केला.

"बाई, तुम्ही आता ऑफिसात बसा," तो म्हणाला. "फळ्यावर नियम शिकवा. तुमच्यासारखं कोण समजावून सांगणार?"

"म्हणजे मला फळ्याला टांगतोस."

"तसं नाही हो बाई. पहिल्या तारखेला नवीन सर येतायत. त्यांच्या गाडीला हे बाजूचं पेडल लागेल. हे काढून तिकडे बसवावं म्हणतो."

बाई गाडीतून उतरल्या, खांब उचलून जागेवर ठेवला, पदर झटकला. "महिनाअखेरीला मी परत येते. गाडी रेषेच्या आत थांबली तर पेडल राहील."

"आणि नाही थांबली तर?"

"तर काढ. पाना मी धरते."

बोलायला बोलल्या, पण घरी येईपर्यंत त्या पायाकडेच बघत आल्या. त्यांना ऑफिसात बसायचं नव्हतं. कोणीतरी घाबरलेलं माणूस शेजारी बसावं, त्याच्या तळहाताला घाम सुटावा, आणि महिनाभराने तेच माणूस एका हाताने खिडकीची काच खाली करत गाणं गुणगुणावं, हे बघण्यासाठी त्या जगत होत्या. फळ्याला घाम सुटत नाही.

व्यायाम शिकवणारी बाई रोज येऊन पायाला रबरी पट्टा बांधायची आणि म्हणायची, "आता ओढा, आता सोडा, छान." ब्रेकबाई ओढायच्या, सोडायच्या. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "छान म्हणू नका हो. पायाला वाटतं, झालंच काम."

आता इथे भाची येते. भाची म्हणजे बहिणीची मुलगी, जिला बाई लाडाने आणि रागानेही ठमी म्हणत. ही ठमी बहिणीच्या घरात मागच्या खोलीत बसून एक व्हिडिओ गेम बनवत होती. एकटीच, तीन वर्षं. खोलीत वायरी, रिकामे कप आणि पडदे कायम ओढलेले. आई म्हणायची, पोरगी खेळतेय. पोरगी म्हणायची, काम करतेय. आणि दोघीही खरंच बोलत होत्या. गेम गाडी चालवायचा होता, म्हणून त्या खोलीत टेबलाला एक स्टिअरिंग अडकवलेलं होतं आणि खाली जमिनीवर पेडलं होती. ती पेडलं बाईंना दिसली आणि त्यांचे डोळे चमकले.

"ठमे, हा ब्रेक दाबला तर काय होतं?"

"गाडी थांबते."

"सरक तिकडे."

गेमचं नाव 'जरा सोडता का?' आता हा गेम म्हणजे एक प्रकरणच होतं. शर्यत नाही, बंदूक नाही, गुण नाहीत, घड्याळ नाही. एक मोठं थोरलं चित्रातलं गाव, त्यात कुठेही जा. तुमच्याकडे एक शेवाळी रंगाची म्हातारी गाडी. ती सकाळी शिंकते. दार आपटलं तर रुसते, आणि बॉनेटवर हात फिरवेपर्यंत सुरू होत नाही. आणि रस्त्यात तुम्हाला हात दाखवून थांबवणारे सगळे नमुने. एका ढगाला कोरड्या विहिरीपर्यंत जायचंय, तो बसला की सीट ओली. एका दिव्याच्या खांबाला अंधार कसा असतो ते बघायचंय. आणि चौकातल्या पुतळ्याला उभं राहून राहून कंटाळा आलाय, त्याला समुद्र दाखवायला न्यायचंय. तो दगडी, त्यामुळे मागे बसला की गाडीचं बूड टेकतं आणि ब्रेक लागायला वेळ लागतो.

"हा पुतळा बरा आहे," बाई म्हणाल्या. "जड गाडी थांबवता आली की हलकी आपोआप येईल. याला मी समुद्रावर नेते."

गाडी निघाली. पहिल्याच चौकात सिग्नल होता, लाल. बाईंनी ब्रेक दाबला. पाय उशिरा पोचला, गाडी रेषा ओलांडून गेली, पुतळा सीटवरून घसरला आणि "हं!" करून कण्हला. बाईंनी गाडी मागे घेतली, रेषेच्या आत उभी केली, न्यूट्रलमध्ये टाकली आणि हात मांडीवर ठेवून बसल्या. ठमी चहा करायला गेली. दोन कप घेऊन परत आली तरी गाडी तिथेच.

"हँग झाला का काय?"

"नाही. लाल आहे."

"अगं मग जा ना पुढे."

"लाल आहे."

"मावशी, गेम आहे तो! गेममध्ये सिग्नलला कोण थांबतं?"

"मी थांबते."

दोघींचा चहा पिऊन झाला. मागे पुतळ्याने जांभई दिली. कप विसळून झाले. बाईंनी मानही वळवली नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "ठमे, हा हिरवा कधी होतो गं?"

ठमीने बाजूच्या कॉम्प्युटरवर काहीबाही शोधलं, आणि कपाळाला हात लावला. "मावशी, हा हिरवा होतच नाही. मी नुसता लाल दिवा काढलाय. हिरवा काढलेलाच नाही."

"तीन वर्षांत?"

"हो."

"आणि हा खेळ खेळून बघितला किती जणांनी?"

"पुष्कळ जणांनी. मैत्रिणींनी, अनोळखी लोकांनी."

"आणि त्यातला एकही मेला थांबला नाही?"

"कोणी काही बोललं नाही गं."

"आणि तू?" बाईंचा आवाज चढला. "तू तर माझ्या हाताखाली शिकलीस! तुला मी लायसन्स मिळवून दिलं! घरचीच पोरगी, आणि तिला हिरव्या दिव्याची गरज पडली नाही!"

ठमीचे कान तापले. "बरं बाई, चुकलं. सिग्नल काढूनच टाकते, म्हणजे कटकट नको."

"खबरदार! हिरवा कर. मी थांबते."

आणि खरंच थांबल्या की हो! उठल्याच नाहीत. शेवटी बहिणीने ताट तिथेच आणून दिलं.

आता हिरवा दिवा बनवणं म्हणजे दहा मिनिटांचं काम, असं ठमीला वाटलं होतं. दिवा झाला. पण आपल्याला हिरवा झाला की आडव्या रस्त्याला लाल व्हायला हवा, आणि तिकडच्या गाड्यांनी थांबायला हवं. त्या तर आंधळ्यासारख्या फिरत होत्या, अंगावर आल्या की एकमेकींतून आरपार निघून जायच्या. बाई शेजारी बसून एकेकीला वेचून काढत होत्या. "ती दुधाची गाडी बघ, सरळ घुसतेय. तो स्कूटरवाला, वळताना हात दाखवत नाहीये. तिला थांबव. त्याला शिकव."

"मावशी, पुढच्या आठवड्यात कंपनीचा माणूस येणार आहे," ठमी रडकुंडीला येऊन म्हणाली. गेम विकणारी एक कंपनी होती, तिने निरोप दिला होता की गेम गमतीदार आहे, जरा धडाधड असेल तर आम्ही घेऊ. "त्याला आदळआपट हवीय. आणि मी इथे स्कूटरवाल्याला हात दाखवायला शिकवत बसलेय!"

"आदळआपट व्हायला आधी कोणीतरी नियम पाळायला हवा ना? सगळेच आरपार जातात तिथे कोण कोणावर आदळणार?"

म्हातारीचं म्हणणं पटलं की माणसाला जास्तच राग येतो. ठमीने दात-ओठ खात काम केलं, पण केलं. आठवड्याच्या शेवटी त्या चित्रातल्या गावातली प्रत्येक गाडी लाल दिव्याला थांबत होती, दुधाची गाडीसुद्धा. "अख्ख्या गावाला लायसन्स वाटलं मी," ती म्हणाली, आणि तिला स्वतःलाच हसू आलं.

बाईंचा सराव सुरू झाला. रोज सकाळी व्यायाम संपला की त्या बहिणीच्या घरी हजर. पुतळा मागे, बाई पुढे. दिवा लाल होतो, बाई पायाला सांगतात, पाय विचार करतो, पुतळा "हं!" करतो. पुन्हा. पुन्हा. खालच्या ओठावर दात रुतवून बाई स्टिअरिंग असं धरायच्या की बोटं पांढरी पडायची. पायात थोडा जोर आला, पण उशीर काही गेला नाही. एका दुपारी गाडी सरळ दुधाच्या गाडीवर जाऊन बसली, सगळ्या चौकात पांढरं तळं झालं, आणि ब्रेकबाई रडल्या. अगदी हमसून रडल्या. "ठमे, खोटं दूध सांडलं गं, म्हणून बरं. गाडीत कोणाचं पोर असतं तर? मालक बरोबर सांगतोय. माझ्या भरवशावर कोणी कसं बसावं?"

मावशीला 'होईल गं' म्हणायची सोय नव्हती, तिला तसलं आवडायचं नाही. ठमीने फक्त पाण्याचा ग्लास आणून दिला.

बाई पाणी प्यायल्या, त्यांनी नाक पुसलं. "चौक पूस तो. परत सुरू कर."

कंपनीचा माणूस आला तो नेमका बाईंच्या सरावाच्या वेळी. गोड बोलणारा, घाईतला, मनगटावर मोठं घड्याळ. ठमीच्या आईने मावशीला डोळ्यांनी खुणावलं, बाहेर ये म्हणून. मावशी कसली येतेय! "मी गप्प बसेन," म्हणाल्या, आणि स्टिअरिंगवरून उठून शेजारच्या खुर्चीवर बसल्या. कंपनीचा माणूस त्यांच्या जागेवर बसला. दोन खुर्च्या, खेटून, समोर रस्ता.

ठमीने त्याला गाडीची शिंक दाखवली, तो हसला. ढग दाखवला, तो पुन्हा हसला. पुतळा मागे बसला आणि त्याने ॲक्सिलरेटर तळाला दाबला. "मस्त आहे," तो म्हणत होता, "पण मला वाटतं जरा वेग..." गाडी चौकाच्या दिशेने सुसाट निघाली. दिवा लाल. त्याने दिव्याकडे बघितलंसुद्धा नाही. गेममध्ये सिग्नलला कोण थांबतं? उजवीकडून दुधाची गाडी निघाली, तिला हिरवा होता, ती आपल्या हक्काने येत होती.

धाड!

खिडकीची तावदानं वाजली. कंपनीचा माणूस दचकून हात वर करून बसला, आणि त्या दचक्यात त्याचाही पाय ब्रेकवर गेला. गाडी रेषेला चाटून थांबली. दुधाची गाडी समोरून शांतपणे निघून गेली. पुतळा "हं!" म्हणाला.

"आरसा कशासाठी लावलाय? केस विंचरायला?" ब्रेकबाई म्हणाल्या. त्या बोलल्या हे त्यांना बोलून झाल्यावर कळलं. मग त्यांनी खाली बघितलं. त्यांचा उजवा पाय पुढे ताठ होता, चप्पल जमिनीला चिकटलेली, टाच झिणझिणत होती. जमिनीवर तिथे काही नव्हतं, नुसती फरशी. आणि पायाने ती फरशी दाबली होती. वेळेवर. कोणी न सांगता.

"सॉरी," कंपनीचा माणूस म्हणाला. सवयीनेच म्हणाला असावा.

बाई पायाकडे बघत राहिल्या आणि त्यांच्या डोक्यात हळूहळू उजाडलं. अगं, मी चुकीच्या सीटवर बसत होते! इतके दिवस स्टिअरिंग धरून, डोळे फाडून, पायाला हुकूम सोडत होते. जन्मभर या पायाला हुकूम कोणी सोडला होता का? तो बाजूच्या सीटवरचा पाय. दुसऱ्याने चूक केली की उठणारा. त्याला सांगायचं नसतं, त्याला फक्त कोणाची तरी चूक लागते. आणि त्याच्यासमोर चुकत कोण होतं, तर मी स्वतःच!

"मोडा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"सिग्नल मोडा. पुन्हा एकदा. आणि केव्हा मोडणार ते मला सांगू नका."

ठमीच्या आईच्या हातातला ट्रे कलंडला. ज्या बाईने जन्मात कोणाला पिवळ्यावर गाडी काढू दिली नाही, ती म्हणत होती सिग्नल मोडा! पण ठमीच्या लक्षात आलं. ती काही न बोलता टेबलाखाली शिरली, जुन्या पेडलांचा सेट ओढून काढला, त्यातला ब्रेक मावशीच्या पायाशी आणून ठेवला आणि वायर जोडली. "आता जमीन नको फोडूस," ती टेबलाखालूनच म्हणाली.

कंपनीच्या माणसाने सिग्नल मोडला. धाड. थांबली. त्याने गप्पा मारत मारत मोडला. थांबली. ढगाकडे बघायचं सोंग करून मोडला, गाणं म्हणत मोडला, शेवटी तर डोळे मिटून मोडला. दोनदा पाय चुकला. दोन्ही वेळा बाई स्वतःच मनात मोजत होत्या, आता मोडेल, आता मोडेल. "माझीच चूक," त्या म्हणाल्या. "वाट बघायची नाही. रस्ता बघायचा." मग पाय चुकला नाही. माणसाची घाई कुठल्या कुठे गेली. घड्याळ काढून त्याने टेबलावर ठेवलं होतं.

जाताना ठमीने धीर करून विचारलं, "गेमचं काय?"

"वरिष्ठांशी बोलून कळवतो," तो म्हणाला. पण तो उठला मात्र नाही, स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाला, "थांबा हं, एवढा हिरवा होऊ दे." झाल्यावर त्याने गाडी पुढे काढली आणि मग उठला. दारात वळून म्हणाला, "वेग वाढवू नका. आणि ती बाजूची सीट... तिचं काहीतरी करा."

महिनाअखेरीला ब्रेकबाई मैदानावर गेल्या. मालक पाना घेऊनच आला होता, पण तो त्याने पाठीमागे धरला होता. त्याला हे काम नको होतं, त्याच्या तोंडावरच दिसत होतं.

"बस," बाई म्हणाल्या, आणि बाजूच्या सीटवर बसल्या. "मागच्या वेळी तू तुझा पाय ब्रेकवर तयार ठेवला होतास. मला कळलं नाही असं वाटलं का?"

"बाई, ते आपलं..."

"आज ठेवायचा नाही. ॲक्सिलरेटरवर ठेव आणि तिथून काढू नकोस. काही झालं तरी."

मालकाने त्यांच्याकडे बघितलं. याच सीटवर याच बाईंच्या शेजारी तो कधीकाळी घामाने थबथबून बसला होता, आणि त्यांनी त्याला विटांच्या ट्रकखालून परत आणलं होतं. त्याने गाडी सोडली. वेग वाढला. समोर दिवा लाल. बाईंनी पायाकडे बघितलं नाही, पायाला काही सांगितलं नाही. त्यांनी फक्त समोर बघितलं आणि शेजारच्या माणसाला चुकू दिलं.

गाडी थांबली. नारिंगी खांब बॉनेटसमोर उभाच्या उभा होता. इंजिन धडपडून बंद पडलं, कारण क्लच कोणी दाबलाच नव्हता, आणि मालकाचा पाय खरंच ॲक्सिलरेटरवरच होता. त्याने तो काढला नव्हता.

मालकाने पाना मागच्या सीटवर टाकून दिला. स्टिअरिंगवर कपाळ टेकून तो नुसता बसून राहिला, आणि त्याचे खांदे हलत होते, हसण्याने की कशाने ते बाईंनी विचारलं नाही.

"हिरवा झालाय," त्या म्हणाल्या. "गाडी सुरू कर आणि निघ. आधी आरसा बघ."